सर्ट्रालिन सुरू करताना: पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत

सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाची पहिली गोळी घेतली की मळमळ दुसऱ्याच दिवशी येऊ शकते. मन हलकं वाटायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. या औषधाबद्दल सगळ्यात आधी हे ध्यानात ठेवायचं. त्रास आधी, गुण नंतर. मधल्या दिवसांत माणूस मुळातच थकलेला असतो, त्यात पोट बिघडतं, झोप उडते, आणि ‘ही गोळी मला सोसत नाही’ असं ठरवून तो ती बंद करून टाकतो. याच्या उलटही घडतं: जो त्रास खरोखर धोक्याचा आहे, तो ‘सुरुवातीला होतंच असं’ म्हणत अंगावर काढला जातो.

या दोन्ही चुका टाळायच्या असतील तर प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न विचारायचा: हे केव्हा सुरू झालं? पहिल्या गोळीनंतर किती दिवसांनी? डोस वाढवल्यावर? दुसरं एखादं औषध पोटात गेल्यावर? की गोळी चुकल्यावर? उत्तर मिळालं की अर्धा उलगडा होतो. म्हणून खालची मांडणी काळाच्या क्रमानेच आहे.

हे औषध करतं काय

सर्ट्रालिन एसएसआरआय गटातलं, म्हणजे सेरोटोनिन परत शोषलं जाणं अडवणाऱ्या औषधांपैकी. अमेरिकेत त्याला १९९१ साली नैराश्यासाठी मंजुरी मिळाली. पुढे पॅनिक डिसऑर्डर (अचानक घबराटीचे झटके), ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा), आघातानंतरचा मानसिक ताण, लोकांत मिसळण्याची तीव्र भीती आणि पाळीपूर्वीचा तीव्र मानसिक त्रास यांसाठीही ते दिलं जाऊ लागलं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर सोडतात आणि एका प्रथिनाच्या वाटेने परत आत ओढून घेतात. सर्ट्रालिन ही परतीची वाट अडवतं.

पण सेरोटोनिन फक्त मेंदूत नसतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के आतड्यांत असतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही ते रक्तातून उचलून साठवतात, आणि त्यांची उचलण्याची वाट तीच, जी सर्ट्रालिन अडवतं. आधी पोट का बिघडतं आणि पुढे रक्तस्रावाची काळजी का घ्यायची, या दोन्हींचं उत्तर इथे आहे.

पायरी १: डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी

पुढच्या गोष्टी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगा. शक्यतो कागदावर लिहून न्या, कारण ऐन वेळी निम्म्या आठवत नाहीत.

पहिली आणि महत्त्वाची: आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप तीनेक तासच होती तरी अंगात प्रचंड उत्साह, विचार भरधाव, बोलणं थांबेना, पैसे वाटेल तसे खर्च झाले? किंवा घरात कुणाला बायपोलर आजार आहे का? तसं असेल तर नुसतं सर्ट्रालिन दिल्याने मन दुसऱ्या टोकाला, म्हणजे उन्मादाकडे जाऊ शकतं. नैराश्यात असलेल्या माणसाला तो जुना काळ ‘आजार’ वाटतच नाही, उलट तेच दिवस चांगले वाटतात. म्हणून हे घरच्या माणसाकडूनही विचारून घ्यावं.

दुसरी: सध्या घेत असलेलं प्रत्येक औषध. चिठ्ठीवरचं, चिठ्ठीविना घेतलेलं, सर्दी-खोकल्याचं, अंगदुखीचं, वनस्पतीजन्य, व्यायामशाळेतल्या डब्यातलं, सगळं.

तिसरी: यकृताचा आजार (सौम्य असला तर डोस निम्म्यावर आणतात, मध्यम किंवा गंभीर असला तर हे औषध टाळतात), फिट येणं, काचबिंदू, पोटातला अल्सर किंवा पूर्वीचा रक्तस्राव, रक्तात सोडियम कमी झाल्याचा इतिहास, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, गर्भारपण किंवा त्याचा विचार.

काही औषधांबरोबर सर्ट्रालिन मुळीच चालत नाही. एमएओआय गटातली औषधं (ही सेरोटोनिन मोडणारं विकर अडवतात), म्हणजे फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन, सेलेजिलिन वगैरे, यांच्यात आणि सर्ट्रालिनमध्ये किमान १४ दिवसांचं अंतर लागतं, मग आधी कुठलंही घेतलेलं असो. लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि शिरेतून देतात ते मिथिलीन ब्लू यांचाही गुण एमएओआयसारखाच. ही दोन्ही रुग्णालयात दुसऱ्याच आजारासाठी, दुसऱ्याच डॉक्टरांकडून दिली जातात, आणि गफलत नेमकी तिथे होते. दाखल व्हायची वेळ आली तर ‘मी सर्ट्रालिनवर आहे’ हे वाक्य दरवेळी नव्याने सांगा. पिमोझाइड या मानसिक आजारांवरच्या औषधाबरोबर हे औषध देत नाहीत, कारण पिमोझाइडचं रक्तातलं प्रमाण वाढून हृदयाची लय बिघडू शकते. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम चालू असेल तर सर्ट्रालिनचं पातळ औषध घेऊ नका. त्यात मद्यार्क असतो. गोळीत नसतो.

पायरी २: डोस आणि वेळ

प्रौढांमध्ये नैराश्यासाठी सुरुवात बहुधा दिवसाला ५० मिलिग्रॅमने होते. पॅनिक, आघातानंतरचा ताण किंवा लोकभीती असेल तर पहिला आठवडा २५ मिलिग्रॅम, मग ५०. आधीच धडधड आणि घबराट असलेल्या माणसाला सुरुवातीची अस्वस्थता जास्त जाणवते, म्हणून ही सावध चाल. वाढवायचं झालं तर २५ ते ५० मिलिग्रॅमने, दोन वाढींमध्ये किमान एक आठवडा ठेवून, आणि दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या पुढे नाही.

आठवडाच का? घेतलेल्या औषधातला अर्धा भाग रक्तातून जायला सुमारे २६ तास लागतात. रोज एक गोळी घेत गेलं की पातळी स्थिर व्हायला साधारण एक आठवडा जातो. त्याआधी डोस वाढवला तर आधीच्या डोसने काय केलं हे कुणालाच कळत नाही.

दिवसातून एकदा, रोज ठरलेल्या वेळी. सकाळी की रात्री, हे झोपेवर ठरवा: गोळीने झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. जेवणाशी बांधलेलं औषध नाही, पण सुरुवातीचे दिवस भरल्या पोटी घेतलं तर मळमळ कमी होते. गोळी चावू किंवा कुटू नका. ती कडू तर असतेच, शिवाय तिच्या भुकटीने जीभ काही वेळ बधिर होते. अर्धी करायला सांगितली असेल तर मधल्या खाचेवर तोडा.

पातळ औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम सर्ट्रालिन असतं. ते तसंच प्यायचं नाही. सोबतच्या ड्रॉपरने मोजून सुमारे १२० मिलिलिटर पाण्यात, लेमोनेडमध्ये किंवा संत्र्याच्या रसात मिसळा आणि लगेच प्या. करून ठेवू नका. मिश्रण जरासं गढूळ दिसलं तर चालतं. लॅटेक्सची अॅलर्जी असेल तर ड्रॉपर वापरण्याआधी फार्मासिस्टला विचारा, कारण काही ड्रॉपरच्या रबरात ते असतं.

गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाही. विसरायची भीती असेल तर स्ट्रिपच्या मागे पेनने प्रत्येक गोळीवर तारीख लिहून ठेवा. ‘आज घेतली का?’ हा रोजचा घोळ संपतो.

पायरी ३: पहिले चौदा दिवस

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांचं पाऊल इथेच मागे फिरतं.

औषधाच्या चाचण्यांमध्ये एका गटाला सर्ट्रालिन आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. मळमळ सर्ट्रालिन घेणाऱ्यांत २६ टक्के, तर नुसत्या गोळीवर १२ टक्के. पातळ शौच २० आणि १०. झोप न लागणं २० आणि १३. गुंगी ११ आणि ६. तोंड कोरडं पडणं १४ आणि ९. हात थरथरणं ९ आणि २. जास्त घाम ७ आणि ३. प्रत्येक जोडीतला दुसरा आकडाही बघा. शंभरात बारा जणांना औषधाशिवायच मळमळलं. आजार, काळजी आणि माहितीपत्रकातली लांबलचक यादी वाचून आलेली धास्ती यांचाही त्यात वाटा असतो. आणि मळमळ झालेल्यांपेक्षा न झालेले जवळजवळ तिप्पट होते.

मळमळ पहिल्या आठवड्यात जोर धरते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत ओसरते. भरल्या पोटी गोळी, थोडं-थोडं पण वारंवार खाणं, तेलकट आणि उग्र वासाचं काही दिवस लांब ठेवणं, इतक्याने निभावतं. उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी फोन करा.

जुलाब हे या गटातल्या इतर औषधांपेक्षा सर्ट्रालिनमध्ये जास्त दिसतात. पाणी आणि क्षार भरून काढा. दोन-तीन दिवसांत थांबले नाहीत, किंवा रुग्ण वयस्कर असेल, तर थांबून बघत बसू नका. वयस्करांत जुलाबाने सोडियम आणखी घसरतं.

झोप दोन्ही दिशांना बिघडते. कुणाला रात्री दोनला टक्क जाग येते, कुणी दुपारी बसल्या जागी पेंगतं. स्वप्नं फार ठळक पडतात, सकाळी उठल्यावरही डोळ्यांसमोर राहतात. ती भीतीदायक असली तरी धोक्याची नाहीत. आधी गोळीची वेळ बदलून बघा. रात्रीची सकाळी आणायची झाली तर दोन गोळ्या बारा तासांत घेण्यापेक्षा त्या एकदाच अंतर थोडं लांबू देणं बरं. तेवढ्याने पातळी कोसळत नाही. तरी बदलण्याआधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टला एक शब्द विचारा. गुंगी किती येते ते कळेपर्यंत गाडी आणि यंत्रं चालवू नका.

घाम, जांभया, थरथर, कोरडं तोंड: त्रासदायक, पण बहुधा निरुपद्रवी. तोंड सतत कोरडं राहिलं तर दात लवकर किडतात. साखर नसलेलं च्युइंगम आणि पाण्याचे घोट उपयोगी पडतात. सकाळी जबडा आणि कानशिलं दुखत असतील तर झोपेत दात आवळले जातायत का ते कुणाला तरी बघायला सांगा. या गटातल्या औषधांनी ते होतं, आणि बरेच जण डोकेदुखीचं औषध घेत राहतात.

अस्वस्थता मात्र दोन तऱ्हेची असते, आणि दोहोंतला फरक ओळखता आला पाहिजे. एक साधी: पोटात गोळा, थोडी धडधड, लवकर चिडणं. ती आठवडाभरात निवते. दुसरीचं नाव अकॅथिझिया. तिच्यात माणूस खुर्चीत बसला की पाय एकमेकांवर चढवतो, लगेच उतरवतो, उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा बसतो. आतून कुणी ढकलत असल्यासारखं त्याला वाटतं आणि उभं राहूनही चैन पडत नाही. ही ‘सहन करून बघण्याची’ गोष्ट नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोस कमी केला किंवा औषध बदललं की ती उतरते, आणि ती तशीच राहिली तर माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात.

आत्महत्येचे विचार. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरांसाठी या गटातल्या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. चाचण्यांमध्ये या वयात असे विचार आणि तशी वागणूक थोडी वाढलेली दिसली. २४ च्या पुढे वाढ दिसली नाही, ६५ च्या पुढे तर घट दिसली. औषध देऊ नये असा याचा अर्थ नाही. उपचार न केलेल्या नैराश्यातही हाच धोका असतो. अर्थ इतकाच, की पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं: एकाएकी वाढलेली बेचैनी, अनेक रात्रींची गेलेली झोप, न शोभणारा राग, निरवानिरवीची भाषा, वस्तू वाटून टाकणं. शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका आणि तातडीची मदत मिळवा. या काळात गोळ्यांचा साठा थोडाच आणा आणि तो दुसऱ्या माणसाकडे ठेवा.

रोजची एक ओळ लिहून ठेवा. अशी:

‘दिवस ४. ५० मिग्रॅ, सकाळी ९, खाऊन. मळमळ १०-१२, मग नाही. झोप ५ तास. बेचैनी नाही. दुसरं औषध: पॅरासिटामॉल एकदा.’

डॉक्टरांना ‘कसंतरीच होतंय’ या वाक्यापेक्षा अशा दहा ओळींतून कितीतरी जास्त कळतं.

पायरी ४: एक महिन्यानंतर

झोप आणि भूक बहुधा मनाच्या आधी सुधारतात. घरच्यांच्या ते आधी लक्षात येतं, रुग्णाच्या नंतर. चार ते सहा आठवडे योग्य डोस घेऊनही काहीच फरक नसेल तर डोस किंवा औषध बदलायचा विचार करायची ती वेळ असते.

या टप्प्यावर जो त्रास लोक सर्वांत कमी बोलून दाखवतात तो लैंगिक असतो: इच्छा कमी होणं, उत्कटबिंदू उशिरा येणं किंवा न येणं, वीर्यपतनाला फार वेळ लागणं. मळमळ निघून जाते तसा हा आपोआप जाईलच असं नाही. औषध चालू असेपर्यंत तो राहू शकतो, आणि काही जणांत औषध थांबवल्यानंतरही रेंगाळल्याच्या नोंदी आहेत. लाजेपोटी गप्प राहून गुपचूप गोळी सोडणारे पुष्कळ असतात. डॉक्टरांपुढे ‘लैंगिक बाबतीत फरक पडलाय’ एवढं म्हटलं तरी पुरे. डोस कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग आहेत. औषध सुरू होण्यापूर्वी कसं होतं हे आधीच सांगून ठेवलं तर आणखी चांगलं, कारण नैराश्यानेही इच्छा जाते.

काहींना भावनाच बोथट झाल्यासारख्या वाटतात: रडू येत नाही, पण आनंदही पोचत नाही. हेही सांगण्यासारखं आहे. डोस जास्त झाल्याची ती खूण असू शकते.

सोडियम. ही गोष्ट वयस्करांच्या घरात प्रत्येकाला माहीत हवी. या गटातल्या औषधांनी शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. सामान्य पातळी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल. घसरण बहुधा पहिल्या महिन्यात दिसते. सगळ्यात जास्त धोका ६५ च्या पुढच्यांना, त्यातही रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं, पुढे फिट. आधीची दोन लक्षणं औषधाच्या साध्या त्रासासारखीच आहेत, आणि गोंधळ ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिला जातो. म्हणून अशा रुग्णांत औषधापूर्वी एकदा आणि दोन ते चार आठवड्यांत पुन्हा सोडियमची रक्ततपासणी करून घेणं शहाणपणाचं. आपल्या मनाने मीठ वाढवू नका; उपाय पाणी, औषधं आणि डोस यांच्या फेरविचारात असतो.

रक्तस्राव. प्लेटलेट पेशींचा साठा कमी झाला की रक्त थांबायला वेळ लागतो. एकट्या सर्ट्रालिनने बहुधा निळे डाग सहज पडतात, नाकातून रक्त येतं. पण बरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आलं की जठरातल्या रक्तस्रावाचा धोका चढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. हृदयासाठी अॅस्पिरिन लागतच असेल तर ते बंद करू नका, जठराचं रक्षण करणारं औषध जोडायचं का ते विचारा. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

हृदयविकार असलेल्यांना या औषधाची अकारण भीती वाटते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या नैराश्यग्रस्तांवर सर्ट्रालिन मुद्दाम तपासलं गेलं आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयाच्या कामावर वाईट परिणाम आढळला नाही. हृदयरोगात डॉक्टर ते बऱ्याचदा निवडतात ते त्यामुळेच.

पायरी ५: दुसरं औषध घेण्याआधी

सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधं एकत्र आली तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. एमएओआयखेरीज लक्षात ठेवायची नावं: वेदनाशामक ट्रॅमॅडॉल आणि फेंटानिल, अर्धशिशीवरची ट्रिप्टान गटातली औषधं, लिथियम, इतर नैराश्यविरोधी औषधं, सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या, आणि कोरड्या खोकल्याच्या अनेक औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. यातली काही डॉक्टर जाणूनबुजून, लक्ष ठेवून एकत्र देतात. काळजी आहे ती नकळत एकत्र आलेल्यांची. खोकल्याची बाटली घेताना पुढचं नाव न वाचता मागचा घटकांचा मजकूर वाचा, तो बारीक अक्षरांत असतो.

ओळख पुन्हा वेळेवरूनच: नवं औषध किंवा वाढवलेला डोस घेतल्यानंतर काही तासांत, बहुधा चोवीस तासांच्या आत. घामाने चिंब, थरथर, छाती धडधडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जुलाब, बेचैनी. पायांचे स्नायू ताठ आणि घोट्यापाशी झटके. पुढे ताप चढत जातो आणि भान हरपतं. हे घरी सांभाळायचं नाही. सगळी औषधं सोबत घेऊन तातडीच्या विभागात जा.

सर्ट्रालिन काही औषधांची पातळी वाढवतं, विशेषतः जास्त डोसमध्ये. रक्तदाब आणि हृदयासाठीचं मेटोप्रोलोल त्यांपैकी एक, ठोके फार मंदावले तर कळवा. ग्रेपफ्रूटच्या रसाने सर्ट्रालिनचंच प्रमाण वाढतं, तो टाळा. दारूने गुंगी वाढते आणि नैराश्य चिघळतं, म्हणून ती सुरुवातीच्या काळात पूर्ण बंद आणि पुढेही न घेतलेली बरी. आणखी एक: लघवीच्या काही झटपट तपासण्यांत सर्ट्रालिनमुळे झोपेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या घेतल्याचा खोटा निकाल येऊ शकतो. नोकरीसाठी अशी तपासणी असेल तर आधी सांगा आणि खात्रीची दुसरी तपासणी मागा.

डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, तर ते काचबिंदूच्या तीव्र झटक्याचं लक्षण असू शकतं. त्याच तासाला डोळ्यांचे डॉक्टर.

गर्भारपण आणि स्तनपान

दिवस राहिल्याचं कळताच घाबरून गोळी थांबवू नका. नैराश्य उलटणं आई-बाळ दोघांनाही महाग पडतं. शेवटच्या महिन्यांत औषध चालू असेल तर बाळाला पहिले काही दिवस चिडचिड, थरथर, दूध ओढायला त्रास होऊ शकतो, आणि क्वचित फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा गंभीर विकारही, म्हणून प्रसूती करणाऱ्यांना आधी सांगून ठेवायचं. आईच्या दुधात सर्ट्रालिन फार थोडं उतरतं. त्यामुळे स्तनपानाच्या काळात या गटातून बऱ्याचदा तेच निवडतात.

पायरी ६: थांबवताना

बरं वाटू लागलं की लगेच थांबवायचं नसतं. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं झाल्यावर आणखी किमान सहा ते नऊ महिने, वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक, असा साधारण सल्ला असतो.

सर्ट्रालिनचं व्यसन लागत नाही. म्हणजे त्याची हाव सुटत नाही, की तेवढाच गुण येण्यासाठी डोस चढवत न्यावा लागत नाही. पण शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, आणि ते एकदम काढून घेतलं तर तक्रार करतं. दोन ते चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, उगाच रडू येणं, आणि एक खास लक्षण: डोळे एका बाजूला फिरवले की डोक्यात वीज चमकून गेल्यासारखा क्षणभराचा झटका. घाबरवणारा असतो, पण त्याने मेंदूला इजा होत नाही. बहुतेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत मिटतो, काहींचा महिनोन्‌महिने चालतो.

हा त्रास आणि परत उलटलेलं नैराश्य यांत गल्लत होते. तो आधीचाच प्रश्न विचारा: केव्हा सुरू झालं? कमी केल्यावर काही दिवसांतच, झटके आणि चक्कर घेऊन आलं, आणि डोस पूर्ववत केल्यावर एक-दोन दिवसांत निवळलं, तर ते औषध कमी केल्याचं. काही आठवड्यांनी, हळूहळू, जुन्याच ओळखीच्या उदासीने आलं, तर आजार परततोय असं समजून भेटीची वेळ घ्या.

कमी करण्याचा आराखडा डॉक्टरांबरोबर ठरवा, पण त्यामागचं गणित जाणून घ्या. ५० मिलिग्रॅमवरच परतीच्या वाटांपैकी सुमारे ८० टक्के अडलेल्या असतात. म्हणून १०० वरून ५० वर येताना मेंदूला फारसं कळत नाही, २५ वरून शून्यावर येताना मात्र फार कळतं. शेवटचे टप्पे सगळ्यात लहान आणि सगळ्यात सावकाश हवेत. तिथे पातळ औषध कामी येतं, कारण त्यातून गोळीपेक्षा लहान मात्रा मोजता येते. प्रत्येक टप्प्यावर दोन ते चार आठवडे थांबा. त्रास झाला तर मागच्या टप्प्यावर जा, स्थिर व्हा, मग आणखी छोटं पाऊल टाका.

‘एक दिवसाआड घ्या’ ही युक्ती सर्ट्रालिनला जमत नाही. २६ तासांत निम्मं निघून जाणाऱ्या औषधाची पातळी दिवसाआड घेतल्यावर वर-खाली हेलकावे खाते, आणि दर दुसऱ्या दिवशी थांबवल्याचा त्रास थोडा-थोडा भोगावा लागतो. रोज, पण कमी मात्रा, हाच मार्ग.

साठवण आणि उरलेल्या गोळ्या

३० अंशांच्या खाली, कोरड्या जागी, मूळ वेष्टनात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी. न्हाणीघरातल्या कपाटात नको, तिथे ओल असते. कुणी चुकून किंवा मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या तर लक्षणं दिसायची वाट न बघता रुग्णालय गाठा आणि रिकामी स्ट्रिप बरोबर न्या, म्हणजे किती गेल्या ते मोजता येतं. उपचार संपल्यावर उरलेल्या गोळ्या ‘पुन्हा लागल्या तर’ म्हणून ठेवू नका आणि तशाच त्रासाच्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. औषधाच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्या. वहीतल्या त्या रोजच्या ओळी मात्र जपून ठेवा. पुन्हा कधी औषध घ्यायची वेळ आली तर किती डोसला काय झालं आणि कितव्या दिवशी मिटलं, हे नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळेल.